खाऊनही न वाढणारे मूल: आतड्याच्या जुनाट सुजेबद्दल एका अंगणवाडी ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. करवीर तालुक्यातील तुमच्या अंगणवाडीच्या हद्दीत ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे हंगामापुरत्या झोपड्या, पडल्या आहेत. त्यांतील 20 महिन्यांच्या एका मुलीचे वजन 8.2 किलो, लांबी 75.5 सेंटीमीटर आणि दंडघेर 13.2 सेंटीमीटर आहे. मागच्या हंगामात हेच कुटुंब आले तेव्हा ती 8 महिन्यांची होती, वजन 7 किलो आणि लांबी 66.5 होती. तिला जुलाब नाहीत, ताप नाही, पोषण आहाराचे पाकीट मिळते, जंतांचे औषध दोनदा झाले आहे आणि आई सांगते की मुलगी खाते. एका डॉक्टरांनी ‘आतड्याला सूज आहे’ असे सांगून प्रतिजैविक दिले, त्याचाही उपयोग झाला नाही. या सुजेची तपासणी कोणती आणि औषध कोणते, असे तुम्ही विचारले आहे. मला मात्र तुमचा खरा प्रश्न शेवटच्या ओळीत दिसला: वरिष्ठ म्हणतात की आई पाकीट घरच्यांना खाऊ घालत असणार, आणि तुम्हाला ते पटत नाही.

मलाही पटत नाही. पण एके काळी मला ते सहज पटत असे, हे आधी कबूल करतो. उमेदीच्या काळात अशाच एका आईला मी वॉर्डात चारचौघांसमोर विचारले होते की पाकीट विकता का. तिने उत्तर दिले नाही. मूल दाखल करून घेतले, सिस्टरांनी वाटीवाटीने मोजून भरवले, तीन आठवड्यांत वजन वाढले आणि माझे म्हणणे सिद्ध झाले असे मला वाटले. मूल परत गेले आणि दोन महिन्यांत पुन्हा जागच्या जागी आले. तेव्हा तेथील सेविकेने आठवडाभर कोपीत बसून मुलाच्या खाण्याची नोंद ठेवली. वॉर्डातल्या आणि कोपीतल्या अन्नात नाव घेण्यासारखी तफावत निघाली नाही. तफावत होती ती अन्नाखेरीज तोंडात जाणाऱ्या गोष्टींत: माती, बैलांच्या पायाखालची धूळ, कालव्यातून हंड्याने आणलेले पाणी, पहाटे केलेला आणि दुपारी भरवलेला भात. त्या बाईंची माफी मागायला मला सवड मिळाली नाही. हंगाम संपून त्या गावी निघून गेल्या होत्या.

आता तुमच्या आकड्यांकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्याप्रमाणे 8 ते 20 महिन्यांच्या काळात मुलीची लांबी साधारण 14 सेंटीमीटरने वाढते. हिची 9 ने वाढली. वजनात पावणेतीन किलोच्या आसपास भर पडायला हवी होती, पडली 1.2 किलो. तरीही 75.5 सेंटीमीटर लांबीच्या मुलीला 8.2 किलो वजन फारसे कमी म्हणता येत नाही आणि दंडघेर 12.5 च्या वर आहे. म्हणजे मुलगी रोड झालेली नाही, खुजी राहते आहे. त्यामुळेच ती सॅम किंवा मॅमच्या, म्हणजे तीव्र किंवा मध्यम कुपोषित मुलांच्या, यादीत येत नाही, ग्राम बाल विकास केंद्रातही तिचे नाव लागत नाही आणि सगळ्यांच्या नजरेतून निसटते. येथे एक शंका मात्र विचारून घेतो: लांबी आडवे झोपवून, एकीने डोके आणि दुसरीने गुडघे-पाय धरून मोजली होती ना? एकट्याने घेतलेल्या मापात सेंटीमीटरभर चूक अगदी सहज होते. मात्र 5 सेंटीमीटरची तूट मापाच्या चुकीने येत नाही.

तुमच्या डॉक्टरांनी ज्याला सूज म्हटले, ती खोटी नाही. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीच्या लवेसारखे असंख्य बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्यामुळे अन्नरस शोषण्याची जागा कितीतरी पटींनी वाढते. घाणीतले जंतू दररोज थोडे थोडे पोटात जात राहिले, तर प्रत्येक वेळी जुलाब होतोच असे नाही. पण आतडे सतत बचावाच्या पवित्र्यात राहते. लव आखूड आणि बोथट होते, भिंतीत संरक्षक पेशींची गर्दी होते, पेशीपेशींमधले सांधे सैल पडतात आणि जंतूंचे अंश रक्तात झिरपू लागतात. याला एन्व्हायर्नमेंटल एन्टेरिक डिस्फंक्शन असे नाव आहे. आपण परिसरजन्य आतड्याचा विकार म्हणू. नुकसान दोन बाजूंनी होते. शोषण कमी होते, हे सहज कळण्यासारखे आहे. पण माझ्या मते दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे: रक्तात झिरपलेल्या अंशांमुळे शरीरात मंद दाह धुमसत राहतो, त्यात अन्नातली शक्ती खर्ची पडते, वाढीला चालना देणारे आयजीएफ-1 हे द्रव्य कमी पडते आणि हाडांच्या टोकांशी होणारी वाढ थंडावते. वजन अन्नाने थोडे तरी सावरते. उंची आधी थांबते. शिवाय दाह असताना हेप्सिडिन नावाचे द्रव्य वाढते आणि ते लोहाचे शोषण अडवते. लोहाचे औषध देऊनही अशा मुलांचे हिमोग्लोबिन का हलत नाही, याचे एक उत्तर येथे आहे.

हा दोष जातीचा, रक्ताचा किंवा आईच्या हयगयीचा नसून राहत्या जागेचा आहे, हे फार पूर्वीच दिसून आले होते. परदेशांत सेवेसाठी माणसे पाठवणाऱ्या अमेरिकेच्या पीस कोअर या संस्थेचे धडधाकट तरुण स्वयंसेवक 1960 च्या दशकात पाकिस्तानात राहून गेले, तेव्हा त्यांच्याही आतड्यांत हेच बदल आढळले आणि मायदेशी परतल्यावर काही महिन्यांत ते बहुतांशी भरून निघाले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही त्या सुमारास, काही त्रास नसलेल्या लोकांची आतडी तपासताना असेच बदल दिसले होते. पुढे गॅम्बियातील तान्ह्या मुलांच्या अभ्यासात, जो 1991 मध्ये प्रसिद्ध झाला, उंचीच्या तुटीतील 43 टक्के भाग आतड्याच्या या झिरपण्याशी जोडता आला. त्यानंतर वेल्लोरसह आठ देशांतील आठ ठिकाणी मुलांचा जन्मापासून पाठपुरावा झाला, त्यातही जुलाब नसताना शौचात सापडणारे काही जंतू उंची रोखतात असे दिसले. म्हणून ‘जुलाब नाहीत, मग पोट ठीक आहे’ हा आपला जुना ठोकताळा आता सोडायला हवा.

तपासणीचे म्हणाल, तर दवाखान्यात करता येईल अशी एकही नाही. दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढला तर बदल दिसतील, पण खेळत्या-खात्या मुलीला त्यासाठी भूल देणे मला योग्य वाटत नाही. दोन प्रकारच्या साखरा पाजून लघवीतले त्यांचे प्रमाण मोजण्याची पद्धत आहे, शौचातील काही प्रथिनेही मोजतात. ही सर्व संशोधनाची साधने आहेत आणि त्यांच्या निकालावरून एका मुलावरचे उपचार ठरत नाहीत. सोनोग्राफीतून तर हा विकार ओळखताच येत नाही. उलट सोनोग्राफीत पोटातल्या लसिकाग्रंथींच्या गाठी दिसल्याचे लिहून येते आणि घरचे हादरतात. अशा बारीक गाठी निरोगी मुलांतही सर्रास दिसतात. केवळ त्यांच्यावरून क्षयाची औषधे सुरू झालेली मुले मी पाहिली आहेत. या कुटुंबाला हजार-बाराशे रुपये खर्च करायचेच असतील, तर ते अंड्यांवर करावेत.

औषधाचेही तसेच आहे. आतड्यातच राहणारे रिफॅक्सिमिन हे प्रतिजैविक मलावीतील मुलांवर वापरून पाहिले गेले, पण आतड्याच्या स्थितीत सुधारणा झाली नाही, आणि त्यात आश्चर्य नाही, कारण जंतू मारले तरी त्याच दिवशी संध्याकाळी नवे पोटात जाणार असतात. टॉनिक, भूक वाढवणारी सिरपे आणि दुकानात मिळणारे महागडे प्रोटीनचे डबे यांवर मी या आजारासाठी कागद खर्च करत नाही. जंतांचे औषध दर सहा महिन्यांनी द्यावे. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अल्बेन्डाझोलची अर्धी गोळी, म्हणजे 200 मिलिग्रॅम, बारीक कुटून. मात्र जंत वेगळे आणि हा विकार वेगळा, त्यामुळे त्या गोळीने उंची वाढेल अशी आशा आईला दाखवू नका.

येथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग संडास बांधा आणि हात धुवा, हेच ना? मीही कैक वर्षे हेच भाषण देत आलो. पण त्यात एक अडचण आहे आणि ती लपवणे बरे नाही. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वे येथे हजारो कुटुंबांना सुधारित शौचालये, हात धुण्याची सोय आणि पाणी शुद्ध करायचे क्लोरीन देऊन मोठे प्रयोग झाले. त्यांचे निकाल 2018 आणि 2019 मध्ये आले. बांगलादेशात जुलाब कमी झाले, पण तिन्ही देशांत मुलांची उंची या सोयींमुळे वाढली नाही. पूरक आहाराने मात्र थोडीशी, मोजता येण्याजोगी वाढली. त्याआधी ओडिशातील शौचालयांच्या मोठ्या प्रयोगातही मुलांच्या वाढीवर परिणाम दिसला नव्हता. याचा अर्थ स्वच्छता फुकट जाते असा मी घेत नाही. रांगणाऱ्या मुलाच्या तोंडात घाण इतक्या वाटांनी जाते की एखाददुसरी वाट बंद केल्याने आतड्याला विश्रांती मिळत नाही, असा माझा अर्थ आहे. कोपीची जमीन मातीची, दारात बैल, शेजारी कोंबड्या आणि मूल दिवसभर उसाच्या फडात. तेथे साबणाची एक वडी कितीशी पुरणार? घरात नळाने शुद्ध पाणी, पक्की फरशी, वस्तीचा मैला आणि जनावरांचे शेण मुलापासून दूर, इतके सगळे एकत्र झाले तर फरक पडेल असे मला वाटते, आणि ते एका आईच्या किंवा एका सेविकेच्या हातातले काम नाही. हात धुणे, पाणी उकळणे हे जुलाब आणि कावीळ टाळण्यासाठी करायचेच आहे. 2012 मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून आलेली काविळीची साथ आपण विसरलेलो नाही. पण ‘तू हात धूत नाहीस म्हणून पोर खुजे राहिले’ असे कोणत्याही आईला सांगू नका. ते खरे नाही.

मग हाती काय उरते? बऱ्याच गोष्टी उरतात आणि त्यांतल्या बहुतेक अन्नाच्या आहेत, पण ‘जास्त खायला घाला’ इतक्या ढोबळ नाहीत. दुसऱ्या वर्षात अंगावरचे दूध साधारण प्रमाणात चालू असेल, तर वरच्या अन्नातून रोज 550 किलोकॅलरीच्या आसपास मिळायला हव्यात. तूट भरून काढायची तर आणखी थोड्या अधिक. कोपीतल्या मुलाला दिवसभर काही ना काही मिळत असते, पण ते पातळ असते: पेज, वरणाचे पाणी, चहात बुडवलेली भाकरी. पोट भरते आणि शक्ती मिळत नाही. चहा तर पूर्ण बंद करावा, त्याने लोह अडते. पेजेऐवजी चमच्यावरून न ओघळणारे घट्ट खिमट, बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी डाळीत कुस्करून, आणि प्रत्येक वाटीत चहाचा चमचाभर तेल. एवढ्या तेलानेच सुमारे 45 किलोकॅलरी वाढतात. दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोन वेळा खाऊ. आई सांगते की मुलगी खाते. ते खरेच आहे. काय खाते आणि ते किती घट्ट असते, हे एक दिवस शेजारी बसून पाहा.

यापुढचा मुद्दा ऊसतोडीच्या घरांसाठी मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोयता, म्हणजे ऊस तोडणारे जोडपे, पहाटे चार-पाचला फडात जातो, त्याआधी स्वयंपाक होतो आणि तेच अन्न दुपारी दोनला, उन्हात तापलेल्या डब्यातून, मुलीला भरवले जाते. ओलसर भातात आणि खिमटात तेवढ्या वेळात जंतू भरमसाट वाढतात. म्हणजे आपण शक्ती म्हणून जे देतो त्यातूनच आतड्याला पुन्हा घाण पोचते. म्हणून पहाटेचे ओले अन्न पहाटेच भरवावे आणि फडात कोरडे न्यावे. भाजलेल्या हरभऱ्याचे आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचे बारीक पीठ, त्यात गूळ, घट्ट झाकणाच्या डब्यात. आयत्या वेळी उकळून थंड केलेल्या पाण्यात किंवा कुस्करलेल्या केळ्यात कालवायचे. तुमचे पाकिटातले पीठही कोरडे भाजून याच डब्यात मिसळता येईल. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे या वयात देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. केळे आणि अंडे यांना निसर्गानेच वेष्टण दिले आहे, त्यामुळे फडात सोलून देण्यासारखी याहून सुरक्षित वस्तू नाही.

हरभरा, शेंगदाणा आणि केळे ही नावे मी सहज घेतलेली नाहीत. ढाक्याच्या मीरपूर वस्तीत मध्यम कुपोषित मुलांवर झालेला एक प्रयोग 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हरभरा, सोयाबीन, शेंगदाणा आणि कच्चे केळे यांपासून केलेले, आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंना पोसणारे अन्न तीन महिने दिले होते. नेहमीच्या तयार पूरक अन्नापेक्षा त्यात ऊर्जा कमी असूनही त्या मुलांचे वजन अधिक वेगाने वाढले. घरी केलेले पीठ म्हणजे ते अन्न नव्हे आणि मी तसा दावाही करत नाही, पण आपल्याकडे सहज मिळणाऱ्या वस्तूंतून निवड करायची असताना मी याच वस्तूंच्या बाजूने झुकतो. अंड्याबाबतही निकाल मिश्र आहेत: रोज एक अंडे दिल्यावर इक्वाडोरमध्ये मुलांची उंची चांगली वाढली, मलावीत फरक पडला नाही. मलावीतील मुले आधीच बरेच मासे खात होती, हे त्याचे एक कारण मानले जाते. कोपीतल्या मुलीला मासे मिळत नाहीत, तेव्हा मी अंड्याचा आग्रह धरीन. दुधाबद्दल मात्र आपल्या कोल्हापूरकरांना दुखावणारे एक वाक्य लिहावे लागते. गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्या पैलवानाबद्दल माझी तक्रार नाही, पण बाळाला दूध उकळूनच द्यावे, वाटी-चमच्याने द्यावे आणि बाटली फडात मुळीच नेऊ नये. अंगावरचे दूध निदान दोन वर्षे चालू ठेवायला सांगा; रात्री आई शेजारी असते तेव्हा ते भरपूर मिळते.

आजारपणातली तूट वेगळी भरावी लागते. जुलाब झालाच तर ओआरएस आणि 14 दिवस रोज 20 मिलिग्रॅम झिंक. जुलाब चौथ्या दिवशी थांबला तरी झिंक चौदा दिवस. आजार उतरल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जादा. मुलांची भूक त्या दिवसांत खरोखर उसळते आणि नेमके तेव्हाच घरचे ‘पोट हलके ठेवा’ म्हणून पेजेवर ठेवतात. रोटाव्हायरससह सगळ्या लसी आणि जीवनसत्त्व ‘अ’चे डोस स्थलांतरात चुकले आहेत का, ते कार्डावर पाहा. लोहाचे सिरप आठवड्यातून दोनदा 1 मिलि चालू ठेवा. त्याचा परिणाम मंद दिसला तर आता कारण तुम्हाला ठाऊक आहे.

हे सगळे मी मुलीला न तपासता लिहितो आहे, म्हणून एकदा तरी बालरोगतज्ज्ञांनी तिला पाहणे आवश्यक आहे. आतड्याचा हा विकार इतर कारणे वगळल्यावरच गृहीत धरायचा असतो. घरात कुणाला क्षय आहे का, जन्मवेळचे वजन किती होते, आईची उंची किती आहे, हे विचारून घ्या. जन्मतःच लहान असलेल्या किंवा फार ठेंगण्या आईच्या मुलीचा हिशेब थोडा वेगळा होतो. पंधरा दिवसांहून लांबलेला ताप, खोकला किंवा जुलाब, शौचात रक्त, पांढुरकी तेलकट शौच, पोट फुगणे, वजन उतरणे यांपैकी काहीही असेल तर वाट पाहू नका. दोन्ही पायांवर सूज आली किंवा दंडघेर 11.5 च्या खाली गेला तर त्याच दिवशी दाखल करा. सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातील ग्लुटेनमुळे आतडे बिघडण्याचा आजार, मूत्रमार्गाचा संसर्ग, थायरॉइड, एचआयव्ही यांच्या तपासण्या डॉक्टर परिस्थिती पाहून ठरवतील. सरसकट सगळ्या करायची गरज नसते.

किती अपेक्षा ठेवावी, हेही सांगतो. गेलेले 5 सेंटीमीटर सगळे परत मिळतील असे मी आईला सांगणार नाही. दोन वर्षांच्या आत वाढीचा वेग सुधारला तर पुढची घसरण थांबते आणि काही भाग भरून येतो. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच मुलांच्या बाबतीत तेवढेच झाले आणि तेही कमी नव्हते. लांबी दर महिन्याला मोजून निराश होऊ नका, कारण या वयात महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढ होते आणि मापाची चूक त्यात मिसळते. वजन महिन्याला घ्या, लांबी आज आणि मग कोप्या उठण्याच्या आदल्या आठवड्यात. मार्चमध्ये मुकादम गाड्या भरायला लागला की कुणाला थांबायला वेळ नसतो, तेव्हा तारीख आधीच ठरवून ठेवा. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर स्थलांतराची नोंद कराच, पण ती बीडकडच्या गावात वेळेवर उघडली जाईल यावर विसंबू नका. तीन ओळींचा कागद, त्यावर दोन्ही वेळची लांबी, वजन आणि डब्यातल्या पिठाचे प्रमाण लिहून आईच्या हातात द्या, आणि तो देताना तिच्या सासूसमोर एवढे सांगा की मुलीला खायला घालण्यात या बाईची काही कसूर नाही.